अठरा पूर्ण झाली का?

रिटायर होताना ग्रामसेवकाला चार्ज द्यावा लागतो. कपाटं दोन, टेबल एक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या बावीस (पैकी मोडक्या नऊ), शिक्के, दप्तरं. नवीन माणूस एकेक वस्तू बघतो, टिक मारतो, सही करतो. मग शाल-नारळ. पण नोकरीत साठलेले किस्से कोणी चार्जमध्ये घेत नाही! ते आपल्याबरोबर घरी येतात आणि जेवायला बसलं की आठवतात. घास हातातच राहतो. बायको म्हणते, "एवढा राग येत होता तर तेव्हाच का नाही बोललात?"

तेच तर! तेव्हा मी प्रोसिडिंग लिहीत होतो.

प्रोसिडिंग म्हणजे ग्रामसभेत जे झालं त्याची नोंद. निदान कागदावर व्याख्या तशी आहे. शहापूर-मुरबाड रस्त्यावरून आत वळलं की तीन किलोमीटरवर एक गाव आहे, तिथे मी सात वर्षं होतो. गावाचं नाव सांगत नाही, माझे व्याही त्याच बाजूचे आहेत. गावात मला सगळे 'भाऊसाहेब' म्हणायचे. 'तरुणांनी आपली जबाबदारी ओळखावी' हे वाक्य मी त्या सात वर्षांत किती वेळा लिहिलं असेल! पण तरुणांचं काही देणं लागतो असं कोणी म्हटलं, की आमचं पेन अडायचं.

*

बालसभेपासून सांगतो.

वरून पत्र आलं, बालसभा घ्या. फोटो दोन पाठवा. आम्ही शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकली, पोरांना बसवलं, पुढे बिस्किटांचे पुडे मांडले आणि 'भाषणं झाल्यावर' म्हणून त्यांना हात लावू दिला नाही.

सरपंच म्हणजे नाना. अंगानेही मोठे, आवाजही मोठा. नानांनी पाऊण तास मुलांची कर्तव्यं सांगितली. मोठ्यांचं ऐका. मोबाईल कमी बघा. गाव स्वच्छ ठेवा. मग घाम पुसून म्हणाले, "आता तुमी विचारा. आज तुमची सभा हाय. घाबरायचा नाय!"

कोणी विचारेना. शेवटी सहावीतली सोनी उठली. वाडीवरची किडकिडीत पोर, दोन वेण्यांना दोन रंगांच्या रिबिनी.

"नाना, पोरींच्या संडासाची चावी कुनाकडं हाय?"

मास्तरांनी आभाळाकडे बघितलं. शाळेला नवीन संडास होऊन दीड वर्ष झालं होतं. फीत कापली, फोटो झाला, कुलूप लागलं. पोरी मधल्या सुट्टीत ओढ्याकडे जायच्या. मोठ्या वर्गातल्या काही जणी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत.

"आसल मास्तरांकडं," नाना म्हणाले.

"मास्तर बोलतात, तुमच्याकडं हाय."

"मंग आसल. बस खाली."

ती बसली नाही. "मंग द्या ना!"

पोरं हसली. नानाही हसले आणि म्हणाले, "बिस्किटा वाटा." झाली सभा! त्या संडासात नानांच्या चुलतभावाच्या सिमेंटच्या गोण्या होत्या, हे गावाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सोनीला तर दाराच्या फटीतून रोज दिसत होतं.

मी लिहिलं : 'स्वच्छता या विषयावर मुलांनी उत्साहाने चर्चा केली.'

चावी मिळाली. आणखी एक पावसाळा गेल्यावर, गोण्या भिजून दगड झाल्यावर!

*

त्याच सोनीचा दुसरा किस्सा.

मुंबईहून एक मंडळ आलं होतं. माणसं चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला. मुलांना टोप्या दिल्या, पांढरे टी-शर्ट दिले, त्यावर 'पाणी वाचवा' छापलेलं. महिना एप्रिलचा. आता आमच्या तालुक्यात धरणं आहेत, त्यांचं पाणी मोठमोठ्या पाइपांतून मुंबईला जातं, आणि एप्रिल आला की आमच्या वाड्यांवर टँकर येतो. हे त्या मंडळींना कोणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल, तरी टी-शर्ट आधीच छापून झाले असतील.

तर भर उन्हात रॅली निघाली. पोरं घोषणा देत चालली, आणि रस्त्याच्या कडेला त्यांच्याच आया हंडे मांडून टँकरची वाट बघत बसलेल्या. एकीने आपल्या मुलाला हाक मारून विचारलंसुद्धा, "काय बोलतोस रं? कोन सांडतंय पानी?"

शाळेपाशी आल्यावर मंडळातल्या एका बाईंनी मोबाईल पुढे धरला आणि सोनीला विचारलं, "बेटा, पाणी वाचवण्यासाठी तू घरी काय करशील?"

सोनीने खरंच विचार केला. "पानी येव दे आधी. मंग वाचवीन."

बाई हसल्या. जरा मदत करावी म्हणून म्हणाल्या, "दात घासताना नळ बंद ठेवशील ना?"

"नळ बंदच हाय," सोनी म्हणाली. "लावला तवापासून बंद हाय."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि अख्खी रॅली टोप्या-झेंड्यांसकट हंड्यांकडे पळाली. बाई एकट्या बॅनर धरून उभ्या!

व्हिडिओ त्यांनी नंतर पुन्हा काढला. दुसरी मुलगी उभी करून.

*

आता मनीषा.

मनीषा तेव्हा बारावीला, मुरबाडला कॉलेजात जायची. बाप साधा माणूस, घरात शब्द चालायचा तो तिच्या थोरल्या काकांचा. काका ग्रामपंचायतीचे मेंबर, म्हणून घरातली पोरंसुद्धा त्यांना मेंबरकाका म्हणायची.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. मनीषा मागे बायकांच्या घोळक्यात उभी होती. विषय संपत आले तशी पुढे आली. "भाऊसाहेब, कॉलेजची एसटी फाट्यावरनंच परत जाते. आमी नऊ पोरी तीन किलोमीटर चालत जातो. पंचायतीनं डेपोला पत्र द्यावं."

एवढंच. डोंगर मागितला नव्हता!

मेंबरकाका खुर्चीतून उठले. "तुला अठरा पूर्ण झाली का? ही मतदारांची सभा हाय. गप घरी जा." आणि माझ्याकडे वळून, "काय भाऊसाहेब, नियम काय बोलतो?"

मी काय बोलावं? 'पोरगी बोलतेय तर बोलू द्या' एवढं म्हणायला काही नियम लागत नव्हता. पण मी घसा साफ करून म्हणालो, "नियमाप्रमाणे मतदार..." पुढचं वाक्य मीच गिळलं. ती गेली. मी लिहिलं : 'कु. मनीषा हिचे वय अठरापेक्षा कमी असल्याने तिला बोलण्याची परवानगी देण्यात आली नाही.' खाली हजर मेंबरांच्या सह्या.

पंधरा दिवसांनी ती ऑफिसात आली. हातात शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स.

"भाऊसाहेब, माझं वय किती?"

मी दाखला बघितला. "सतरा वर्षं चार महिने."

"नक्की ना? मंग तसं लिहून द्या. मेंबरकाकांना दाखवायचंय. सभेत मी लहान हुती. आता घरी पावणे येऊन गेले तर मी मोठी झाली! रविवारी साखरपुडा हाय, दिवाळी झाली का लग्न."

मी म्हणालो, "बघतो."

सरकारी नोकरीत 'बघतो'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. तिलाही होता. तिने माझ्या डोक्याच्या वर बोट दाखवलं. तिथे बोर्ड होता : बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि पुढे माझं नाव. आदेश आला म्हणून मीच रंगवून घेतला होता, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

"बघा तुमी," ती म्हणाली. "मी हितंच बसते."

आणि बसली! बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन. माणसं आली, दाखले नेले, उतारे नेले. तिच्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची. चार वाजता मी पेन ठेवलं आणि उठलो.

मेंबरकाका ओटीवर चहा पीत होते. मी सांगितलं, हे लग्न होणार नाही, केलंत तर गुन्हा दाखल करावा लागेल. ते हसले. "भाऊसाहेब, घरातली बाब हाय. पोरगी काय लहान हाय का आता?"

मी प्रोसिडिंगचं रजिस्टर बरोबर नेलं होतं. पान उघडून पुढे ठेवलं. "ती लहान आहे असं तुम्हीच म्हणालात ना मेंबर? ही बघा तुमची सही."

माझ्या अख्ख्या नोकरीत प्रोसिडिंग कोणाच्या उपयोगी पडलं असेल तर ते त्या दिवशी! साखरपुडा झाला नाही. मेंबरकाका माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत, तो आणखी एक फायदा.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मनीषा पहिल्या रांगेत बसली होती. उठून म्हणाली, "अठरा वर्षं चार महिने. आता बोलू?"

पत्र गेलं. एसटी गावात यायला त्यानंतर आणखी एक वर्ष लागलं. तोवर नऊपैकी चार पोरींचं कॉलेज सुटलं होतं. हे कुठल्या प्रोसिडिंगमध्ये लिहायचं?

*

छोटासा सांगतो.

नानांनी गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. 'तरुणांनी ग्रुपवर विचार मांडावेत' अशी खास सूचना. सकाळी फुलांचे फोटो यायचे, दुपारी नानांचे, संध्याकाळी पुन्हा फुलांचे. पोरं सगळ्यांना अंगठे दाखवायची.

एके दिवशी मनीषाने विचारलं, 'मंगळवारच्या ग्रामसभेचा अजेंडा टाकता का?'

चार मिनिटांत ॲडमिनने तिला काढून टाकलं.

मी नानांना विचारलं, "का हो?" म्हणाले, "ग्रुपवर राजकारन नको!"

*

रुपेशचं नाव अजून घेतलं नाही. रुपेश वाशिंदला एका कंपनीत कंत्राटी कामाला होता. मोटरसायकलवर जाऊन-येऊन करायचा, आणि शिफ्ट सुटली की पोरं जमवून क्रिकेट. खेळायची जागा म्हणजे गुरचरण, गावाच्या गुरांना चरायला राखलेली जमीन. गुरं आता गावात मोजून अकरा. पोरांनी दगड वेचून, माती चोपून स्वतःच्या हाताने पिच केलं होतं.

त्याच गुरचरणावर नानांच्या वाढदिवसाची टूर्नामेंट झाली. जेसीबी फिरला, मांडव पडला, कर्णे लागले, नानांच्या नावाचा चषक! तेव्हा कोणाला गुरं आठवली नाहीत. पण गुरचरणाला लागून शहरातल्या एका माणसाचं फार्महाऊस होतं, त्याच्या काचेला एकदा बॉल लागला. लगेच आठवली! नाना म्हणाले, "भाऊसाहेब, पोरांना अतिक्रमणाची नोटीस काढा."

मी काढली. काढली म्हणजे काय, टाइप केली, शिक्का मारला, आणि स्वतः घेऊन गेलो.

रुपेश नुकताच आला होता, अंगात अजून कंपनीचा शर्ट. त्याने सगळ्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवली. "गुरचरण जमिनीवरील अनधिकृत अतिक्रमण सात दिवसांच्या आत हटवावे." मग शांतपणे पिचवर गेला, तिन्ही स्टंप उपटले आणि आणून माझ्या हातात दिले.

"घ्या भाऊसाहेब. सात दिवस कशाला? आत्ताच हटवला."

मी स्टंप धरून उभा.

"आता ती भिंत," तो म्हणाला. फार्महाऊसचं कंपाउंड गुरचरणात चांगलं दहा-बारा फूट आत आलेलं होतं. डोळे असलेल्या कोणालाही दिसेल असं. "तिची नोटीस पिशवीत हाय ना तुमच्या? का घरी राहिली?"

मी मोटरसायकलला किक मारणार, तेवढ्यात तो पुढे आला. "असं नाय जायाचा. माल नेताय तर पोच द्या."

मी नोटिशीच्या मागेच लिहून दिलं : 'स्टंप तीन नग, मिळाले.' खाली सही, तारीख. सात वर्षांत मी लिहिलेला सगळ्यात खरा कागद तोच असेल!

भिंत अजून तिथेच आहे. पोरांनी दुसऱ्या दिवशी विटा उभ्या करून खेळायला सुरुवात केली. विटांची नोटीस मी काढली नाही.

*

आणि हीच पोरं जबाबदारी घेत नाहीत म्हणे!

दिवाळीनंतर ओहोळाची धार बारीक होते. रुपेश, मनीषा आणि वीस-बावीस पोरांनी ठरवलं, बंधारा घालायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा केल्या, त्यात माती-वाळू भरली, तोंडं शिवली आणि ओहोळात आडव्या रचल्या. तीन रविवार लागले. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून पोरांच्या पायांना भेगा पडल्या. मी एकदा जाऊन आलो. मदत केली नाही, कौतुक केलं. ते सोपं असतं.

चौथ्या रविवारी मान्यवर आले. पांढरे कडक कपडे, पायात बूट. प्रत्येकाच्या हातात एकेक घमेलं दिलं, घमेल्यात ओंजळभर माती. त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "हे धरायचं कुठून?" फोटो झाले. दोन दिवसांत फाट्यावर भलंमोठं फ्लेक्स लागलं : 'मान्यवरांच्या प्रयत्नांतून पाणी अडले!' पंधरा चेहरे. मध्ये नाना, हात जोडलेले. पोरांची नावं कुठे? एकदम खाली, 'व समस्त युवक'. त्यावरसुद्धा सुतळीची गाठ आलेली.

दहा दिवसांनी बंधारा गळायला लागला. गोण्यांच्या फटींतून पाणी जाई. मनीषा आली, "एक ताडपत्री द्या पंचायतीची." मी म्हणालो, तरतूद नाही. आणि खरंच नव्हती. ताडपत्री मांडवाला होती, बंधाऱ्याला नव्हती.

त्या आठवड्यात फ्लेक्स गायब झालं.

नाना भडकले. "चोरीची तक्रार द्या! पोलीस बोलवा!" मी म्हणालो, आधी शोधतो. शोधायला लांब जावं लागलं नाही. बंधारा काठोकाठ भरला होता, एक थेंब खाली जात नव्हता. वाकून बघितलं तर गोण्यांना आतल्या अंगाने फ्लेक्स घट्ट बसवलेलं. निवळ पाण्यात पंधराही मान्यवर स्पष्ट दिसत होते. मध्ये नाना, हात जोडलेले. त्यांच्या नाकावरून एक मासा गेला.

मनीषा काठावर कपडे पिळत होती. मला म्हणाली, "भाऊसाहेब, बोर्डवर लिवला व्हता ना, मान्यवरांमुळे पानी अडला? तवा खोटा व्हता. आता खरा हाय."

तक्रार मी दिली नाही. 'शोध चालू आहे' असा शेरा मारला. तो आजही चालूच असेल.

*

पण सगळी पोरं देव आहेत असंही नाही. माझा राग त्यांच्यावरही निघाला आहे.

ग्रामपंचायतीचं नवीन ऑफिस झालं तेव्हा जुनी खोली पोरांनी अभ्यासिकेसाठी मागितली. सहा महिने मागे लागून ठराव करून घेतला. कोणी पोलीस भरतीचा अभ्यास करत होतं, कोणी बँकेच्या परीक्षांचा. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात कोपऱ्यांत गुटख्याच्या पुड्या, टेबलावर पाय, मोबाईलवर गेम, आणि पुस्तकं खिडकी उघडी ठेवायला! पोरी यायच्या बंद झाल्या. कोणाला काही वाटेना.

मनीषाने एका सकाळी कुलूप ठोकलं आणि चावी घेऊन गेली.

पोरं तणतणत माझ्याकडे आली. पुढारी कोण? आमचा रुपेश! "भाऊसाहेब, तिला काय अधिकार? ठराव झालाय. आमचा हक्क हाय!"

मी तिला बोलावलं. ती आली, एका हातात चावी, दुसऱ्या हातात झाडू.

"हक्क ठरावानं मिळाला," रुपेशकडे बघत ती म्हणाली. "झाडू कुठल्या ठरावानं येनार? हा घे. खोली झाडून झाली का चावी."

मागून एक जण पुटपुटला, "झाडू काय पोरं मारतात?"

"गुटखा कोन खातो? पोरी?"

रुपेशने झाडू घेतला. तोंड लाल झालं होतं, पण घेतला. दोन तास खोली झाडली, धुतली, भिंतींवरच्या पिचकाऱ्यासुद्धा घासून काढल्या. त्यानंतर दारावर झाडायच्या पाळ्यांचा कागद लागला, त्यात पोरांची नावं आधी.

चार दिवसांनी रुपेशची आई ऑफिसात आली, चेहरा काळजीचा. "भाऊसाहेब, पोराला काय झालाय? सकाळी उठून घरातपन झाडू मारला त्यानं. कंपनीत डोक्याला बिक्याला काय लागला का?"

*

हा शेवटचा. हा मी कोणाला फारसा सांगत नाही.

डोंगराच्या पायथ्याला खडीचा क्रशर टाकायचा होता कोणाला तरी. त्यासाठी ग्रामसभेची ना-हरकत हवी होती. सभेला कोरम लागतो, म्हणजे ठरलेली माणसं हजर असावी लागतात. आमच्याकडे शिपाई दोन दिवस आधीच हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरवायचा. ही पद्धत मी सुरू केली नव्हती. बंदही केली नव्हती. त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात चाळीसेक माणसं होती आणि रजिस्टरवर एकशे छत्तीस.

तो ठराव त्या दिवशी झाला नाही, आणि क्रशर आजतागायत झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नाना म्हणाले, "कोरम झालाय. ठराव मांडा."

मनीषा उठली. "आधी हजेरी वाचा. ज्याचं नाव येईल त्यानं हात वर करायचा."

"आसा नियम हाय का?" नानांनी मला विचारलं. सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मेंबरकाका, रुपेश, मागच्या बायका, सगळे.

मी म्हणालो, "आहे."

असा नियम आहे की नाही, मला आजही माहीत नाही.

मी वाचायला लागलो. पहिल्या नावाला हात वर आला. दुसऱ्याला नाही. "तो कल्यानला हाय," कोणीतरी ओरडलं. तिसऱ्याला नाही. "पोरीकडं गेलीय खर्डीला!" लोक हसायला लागले. चौथ्याला हात, पाचव्याला नाही, सहाव्याला नाही. नाना पाय हलवत होते. माझं लक्ष नावांपेक्षा आकड्यावर होतं, आणि वाचता वाचता मी पुढचं नाव वाचून गेलो.

"गणपत धोंडू."

हसणं थांबलं.

नावासमोर अंगठा होता, शाई अजून ताजी दिसत होती. गणपत धोंडू म्हणजे रुपेशचा आजा. दोन वर्षांपूर्वी वारला होता. मृत्यूचा दाखला मीच दिला होता, माझ्याच सहीचा.

रुपेश उठला. मला वाटलं, आता हा टेबल उलटवणार. पण त्याने आवाजसुद्धा चढवला नाही.

"नाना, माझा आजा सभेला आलाय. दोन वर्सं झाली, घरी नाय आला. कुठं बसलाय तेवढा सांगा. पाया पडतो आन जातो."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरकडे.

मागे बायकांमध्ये रुपेशची आजी बसली होती. तिला ऐकायला कमी येतं. सगळे एकदम का गप्प झाले ते तिला कळेना. तिने शेजारणीला हलवून विचारलं, "कुनाचा नाव घेतला गो?"

शेजारणीने तिच्या कानात सांगितलं.

आजीने घाईघाईने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि दाराकडे बघितलं.